बंद केल्यानंतरचा रेडिओ

१

अर्नाळ्याच्या आमच्या घरी रेडिओ ओटीवरच्या फळीवर असे आणि त्याला हात लावायचा हक्क फक्त आजाचा. आजा म्हणजे माझ्या आईचे वडील. होडी त्यांची, जाळी त्यांची, होडीवरच्या माणसांच्या जिवाची जोखीमही त्यांचीच. त्यामुळे रेडिओ कधी लावायचा आणि कधी बंद करायचा हेही तेच ठरवत. मी सांगते आहे तो काळ १९७५ ते ८२च्या आसपासचा. संध्याकाळी मुंबई केंद्रावरून हवामानाचा अंदाज आणि मच्छीमारांसाठीची सूचना लागे. तेवढा वेळ घरात कुणी भांडंही वाजवायचं नाही, असा दंडक होता. सूचना संपली की आजा रेडिओचा कान पिळून तो बंद करत आणि किनाऱ्यावर जात.

समोर किल्ल्याचं बेट, उजव्या हाताला वैतरणेचं मुख, मागे बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांचे मांडव. आजा तिथे वारा अंगावर घेत उभे राहत. लाटेचा आवाज, ढगांची कड, पाण्याचा रंग बघत. शेजारचे दोघे-तिघे तांडेलही आलेले असत. त्यांच्यात थोडं बोलणं होई, बरंचसं गप्प राहणं होई. वीस-पंचवीस मिनिटांनी आजा परत येत आणि पहाटे होडी काढायची की नाही ते सांगत. एकदा सूचनेत काहीच धोका सांगितलेला नव्हता, तरी त्यांनी होडी काढली नाही. मी कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, ‘‘रेडिओ सगल्या किनाऱ्याचा बोलतो, पोरी. आपल्या खाडीचा नाय.’’

याचा अर्थ त्यांचा रेडिओवर विश्वास नव्हता असा नाही. तीन नंबरचा बावटा लागल्याचं रेडिओनं सांगितलं, तर आकाश कितीही निरभ्र असो, ते पाण्यात पाऊल टाकत नसत. रेडिओला काय कळू शकतं आणि काय कळू शकत नाही, याचा त्यांचा हिशेब पक्का होता, इतकंच. आज ज्याला माध्यमसाक्षरता म्हणतात ती या हिशेबापेक्षा फार वेगळी नाही. मी पुढे इतिहासाची शिक्षिका झाले, वर्गात ‘साधनांची चिकित्सा’ हा पाठ कितीतरी वेळा शिकवला. पण आजाच्या त्या वीस मिनिटांचा आणि माझ्या पाठाचा काही संबंध आहे हे मला फार उशिरा कळलं. तेही मान खाली घालावी लागली तेव्हा.

२

२०१८च्या जूनमध्ये शाळा-कॉलेजं नुकतीच उघडली होती. मोबाइलवर एक चित्रफीत फिरू लागली. मोटारसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलांपैकी एकाला उचलतात आणि भरधाव निघून जातात. सोबतचा मजकूर असा, की मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात उतरली आहे. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर मी ती चित्रफीत पुढे पाठवली. वर माझे दोन शब्द जोडले : ‘काळजी घ्या.’

चार दिवसांनी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तालुक्यातल्या एका नाक्यावर हप्त्यानं चादरी विकणाऱ्या माणसाला लोकांनी घेरलं होतं, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. कुणी त्याचं गाठोडं उसकटलं, कुणी गचांडी धरली. तेवढ्यात मासळी विकणारी एक बाई पाटी खाली ठेवून मध्ये घुसली आणि ओरडली, की याचे दीडशे रुपये अजून माझ्याकडे बाकी आहेत, हा चोर असता तर मी कधीच बुडवले असते! लोक हसले आणि त्या हसण्यात तो माणूस वाचला. विद्यार्थी पुढे म्हणाला, ‘‘मॅडम, तिथे एक जण मोबाइल दाखवून सांगत होता, की हे शिक्षकांनी पाठवलंय.’’ तो मोबाइल माझ्याच संदेशाचा होता की दुसऱ्या कुणाच्या, हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही ते कधी कळलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी ती माणसं होती. त्यांच्यासाठी मध्ये घुसायला उधारीची ओळख असलेली एखादी बाई तिथे नव्हती.

ती चित्रफीत मुळात कराचीतली निघाली. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागरूक करणारा तो एक छोटा प्रचारपट होता. मूळ फितीत मोटारसायकलवाले मूल परत आणून सोडतात आणि हातातला फलक उघडून दाखवतात. शेवटचे ते काही सेकंद कुणीतरी कापले होते. म्हणजे खोटं काहीच चितारलेलं नव्हतं; फक्त शेवट काढून टाकला होता. इतिहासाच्या शिक्षिकेला यात नवल वाटायला नको होतं. कागदाचा फाटलेला तुकडा हाती आला तर आपण पहिल्यांदा विचारतो, उरलेला कागद कुठे आहे? मी तो प्रश्न विचारला नाही. अकबराच्या फर्मानाला जो प्रश्न विचारते, तो हातातल्या फोनला विचारायचं मला सुचलं नाही.

या लेखाची सुरुवात तिथे झाली. ध्वनिक्षेपण, अध्यापन आणि तरुणांना ऐकायला शिकवणं या तीन गोष्टी आपल्याकडे कुणी, कधी एकत्र आणल्या होत्या का, याचा मी शोध घेऊ लागले.

३

शोधाची पहिली वाट मुंबईत गावदेवीच्या लॅबर्नम रस्त्यावर नेते. गांधीजींचा मुक्काम जिथे असे ते मणिभवन याच रस्त्यावर आहे. १९४२मध्ये याच रस्त्यावरच्या एका घरातून काही दिवस एक बेकायदा रेडिओ बोलत होता. तो काँग्रेस रेडिओ.

८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच पुढारी तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांवर कडक बंधनं आली. महायुद्ध सुरू झाल्यापासून हौशी रेडिओचालकांचे परवाने रद्द झालेले होते. म्हणजे देशात काय चाललं आहे हे कळायला सरकारी आकाशवाणी तेवढी उरली. अशा वेळी बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी – विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर – स्वतःचं केंद्र उभारलं. शिकागो रेडिओचे नानिक मोटवानी यांनी यंत्रसामग्रीची मदत केली. डॉ. राममनोहर लोहियांचा पाठिंबा होता. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर पहिलं ध्वनिक्षेपण झालं. आपण भारतात कुठूनतरी बोलत आहोत, एवढाच पत्ता सांगितला जाई. सुरुवातीला ‘हिंदोस्ताँ हमारा’ आणि शेवटी ‘वंदे मातरम्’. पोलिसांची पाळत चुकवण्यासाठी जागा सतत बदलत. चौपाटी, गावदेवी, सँडहर्स्ट रोड, गिरगाव.

या केंद्रानं दिलेल्या बातम्यांपैकी एक आपल्या मुलखातली आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत आणि चांदा जिल्ह्यातल्या चिमूरमध्ये लोक उठले. गोळीबार झाला, अधिकारी आणि पोलिसही मारले गेले. त्यानंतर चिमूरमध्ये लष्कर आणि पोलिसांनी जो अत्याचार केला, स्त्रियांवर जे ओढवलं, ते छापायला वर्तमानपत्रांना मुभा नव्हती. पुढे प्रा. भन्साळींनी चौकशीच्या मागणीसाठी ६३ दिवस उपोषण केलं, तर त्या उपोषणाच्या बातमीवरही बंदी आली. अशा काळात चिमूरचं नाव हवेतून ऐकू येणं म्हणजे काय, हे आज हातात दहा वाहिन्या असलेल्या आपल्याला चटकन कळणार नाही.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावच्या पारेखवाडीत, ध्वनिक्षेपण चालू असतानाच, पोलीस दारं फोडून आत शिरले. जेमतेम अडीच महिन्यांचा हा रेडिओ त्या रात्री बंद पडला. कित्येक महिने चौकशी चालली. उषाबेननी तोंड उघडलं नाही. खटल्यात त्यांना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. येरवड्याच्या तुरुंगातून त्या १९४६मध्ये सुटल्या.

मला सर्वांत विचारात पाडलं ते वेगळ्याच गोष्टीनं. हा रेडिओ काय बोलला ते आज आपल्याला इतक्या तपशिलानं कळतं, ते मुख्यतः पोलिसांमुळे. सरकारनं माणसं बसवून ही ध्वनिक्षेपणं ऐकली आणि उतरवून घेतली. ती टिपणं दफ्तरात राहिली. उषा ठक्कर यांचं २०२१मध्ये आलेलं इंग्रजी पुस्तक या दफ्तरी साधनांचा आधार घेतं. ज्यांच्यासाठी तो रेडिओ होता, त्या श्रोत्यांनी काय ऐकलं, ऐकून आपसात काय बोलले, याची नोंद जवळजवळ नाही; त्यांनी ती ठेवलीच नसती, ठेवणं धोक्याचं होतं. सर्वांत काळजीपूर्वक ऐकणारा श्रोता शत्रू होता. हातात पेन्सिल घेऊन तो ऐकत होता.

४

तुरुंगातून सुटल्यावर उषा मेहता पुन्हा मायक्रोफोनकडे वळल्या असत्या तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. त्या वर्गाकडे वळल्या. गांधीविचारावर प्रबंध लिहून त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली आणि विल्सन कॉलेजात सुमारे तीस वर्षं शिकवलं. त्या याच कॉलेजच्या विद्यार्थिनी. पुढे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाची धुरा सांभाळून १९८०मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि अखेरपर्यंत मणिभवनच्या कामात राहिल्या. १९९८मध्ये पद्मविभूषण मिळालं. २००० सालच्या ९ ऑगस्टला अंगात ताप असताना त्या क्रांतिमैदानावरच्या कार्यक्रमाला गेल्या आणि दोन दिवसांनी वारल्या.

चरित्रकोशातल्या नोंदीत अडीच महिन्यांचा रेडिओ पहिल्या ओळीत येतो आणि तीस वर्षांचा वर्ग तिसऱ्या-चौथ्या. २०२४मध्ये त्यांच्यावर हिंदी चित्रपट आला. त्यातही अर्थातच रेडिओच आहे. वर्गात पाठलाग नसतो, दारं फोडली जात नाहीत, तेव्हा त्याचा चित्रपट होत नाही. तरीही मला आता ही नोंद उलटी वाचावीशी वाटते. रेडिओवरून त्या सांगत होत्या, की सरकारी बातमी ही एकच बातमी नाही. हे एकदा सांगून झाल्यावर पुढचा प्रश्न येतो : मग दोन बातम्यांपैकी कोणती घ्यायची, आणि कशावरून? याचं उत्तर तिसऱ्या केंद्रावरून देता येत नाही. त्यासाठी समोर माणूस लागतो, त्याला उलट विचारायची मुभा लागते, आणि वेळ लागतो. राज्यशास्त्राचा वर्ग ही त्याची एक जागा आहे. सत्तेला कारणं विचारण्याचा सराव करायचा, तर तो कुठेतरी बिनधोक करता यायला हवा. उषाबेननी हे या शब्दांत म्हटलं आहे असा माझा दावा नाही; त्यांच्या आयुष्याच्या क्रमावरून मी लावलेला हा अर्थ आहे.

याच क्रमाचं आणखी एक उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. डॉ. विश्वास मेहेंदळे आकाशवाणीतून मुंबई दूरदर्शनवर आले, मराठी बातम्यांचा पहिला चेहरा झाले आणि नंतर पुण्यात सिम्बायोसिसच्या जनसंज्ञापन संस्थेचे संचालक म्हणून त्यांनी पत्रकारितेची मुलं घडवली. पण तिथे आणि एका अर्थी सगळ्याच माध्यमसंस्थांमध्ये शिकवलं जातं ते बोलणाऱ्याला. ऐकणाऱ्याला कोण शिकवणार, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर मला पुण्यातच, पण बऱ्याच आधी सापडलं.

५

आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. तीनच वर्षांत, १९५६मध्ये, युनेस्कोच्या सहकार्यानं तिथे एक प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं एक श्रोतृमंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवडे. कल्पना कॅनडाची होती. तिथे १९४१पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालत होती आणि वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, हे त्यांचं सूत्र होतं.

कार्यक्रम संपला की मंडळानं रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्यावर बोलायचं. खत, बी-बियाणं, उंदरांचा बंदोबस्त, गावची शाळा, जे काही त्या दिवशी सांगितलं असेल ते आपल्या गावाला लागू पडतं का? पडत नसेल तर का नाही? मंडळाच्या सचिवानं चर्चेची टिपणं आणि शंका केंद्राला कळवायच्या आणि पुढच्या कार्यक्रमांत केंद्रानं त्यांना उत्तर द्यायचं. पुण्यातला निवेदक अशा तऱ्हेनं दीडशे गावांना बांधलेला होता. तो वाटेल ते बोलून मोकळा होऊ शकत नव्हता.

मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेनं केलं आणि ते करणारा समाजशास्त्रज्ञ होता पॉल न्यूरथ. हा व्हिएन्नाचा माणूस. त्याचे वडील ऑटो न्यूरथ यांनी, सामान्य माणसाला आकडेवारी समजावी म्हणून चित्रांची एक भाषाच तयार केली होती. आज रस्त्यावर आणि रेल्वे स्टेशनांत दिसणाऱ्या चित्रखुणांच्या घराण्यात तिचं नाव घेतलं जातं. पॉलला नाझींनी १९३८मध्ये पकडून डाखाउ आणि बुखेनवाल्ड इथल्या छळछावण्यांत डांबलं होतं. तिथून सुटून तो अमेरिकेला गेला. ज्या राजवटीनं रेडिओ हे एकाच दिशेनं ओरडण्याचं साधन करून टाकलं, तिच्या छावणीतून वाचलेला माणूस पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत, रेडिओ बंद झाल्यावर शेतकरी काय बोलतात ते टिपून घेत होता, हे मला या प्रयोगाच्या निष्कर्षांइतकंच मोलाचं वाटतं.

निष्कर्षही लक्षात ठेवण्याजोगे आहेत. अभ्यासकांनी मंडळ नसलेली गावंही तुलनेसाठी घेतली होती; त्यांतली काही गावं अशी, की तिथे रेडिओ होता, पण मंडळ नव्हतं. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत माहिती ठळकपणे वाढलेली दिसली, अगदी निरक्षरांचीही. मंडळ नसलेल्या गावांत वाढ नगण्य होती, मग तिथे रेडिओ असो वा नसो. पेटी दोन्हीकडे तीच, आवाज तोच. फरक पडला तो पेटी बंद केल्यानंतरच्या बोलण्यानं.

१९५९मध्ये ही योजना देशभर लागू झाली आणि मंडळांची संख्या हजारांत गेली. पण संख्या वाढली तसा तिच्यातला जीव पातळ झाला. दीडशे गावांच्या शंकांना उत्तर देणं एका केंद्राला शक्य होतं. हजारो मंडळांचं कोण ऐकणार? दरम्यान ट्रान्झिस्टर आला आणि चावडीवरचा रेडिओ खिशात, शेताच्या बांधावर गेला. ऐकणं एकट्याचं झालं. त्यात सोय होती, मौज होती. पण शेजारी ‘हे खरं कशावरून?’ असं विचारणारा कुणी उरला नाही.

जर्मनीतल्या ग्रुनवाल्ड इथे १९ देशांच्या प्रतिनिधींनी माध्यमशिक्षणाबद्दलची जाहीर घोषणा केली ती १९८२ साली, आणि तिच्यामागेही युनेस्कोच होती. जगभरच्या अभ्यासक्रमांत हा विषय तिथून सुरू झाला असं सांगतात. आपल्या पाच जिल्ह्यांतल्या मंडळांनी त्याच्या २६ वर्षं आधी या विद्येचा गाभा गिरवला होता. त्यांनी त्याला नाव दिलं नाही, एवढंच.

६

दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. वरळीच्या मनोऱ्यावरून येणारी चित्रं पकडायला अर्नाळ्यात घरांवर बांबूच्या टोकाला ॲन्टेना चढले. वारा फिरला की चित्र हलायचं आणि एक पोरगं कौलांवर बसून ‘आलं का?’ म्हणून ओरडायचं. याच केंद्रावर आकाशानंद या निर्मात्यानं ‘ज्ञानदीप’ हा कार्यक्रम चालवला. वारकऱ्याच्या घरात वाढलेल्याला या नावात नामदेवांची आठवण लगेच येते. आज पन्नाशीपुढच्या वाचकांना कार्यक्रम आठवत असेल. पण कार्यक्रमापेक्षा महत्त्वाची होती त्याच्या प्रेक्षकांनी गावोगाव काढलेली ज्ञानदीप मंडळं. पडद्यावर पाहिलेलं पडद्याबाहेर न्यायचं, त्यावर बोलायचं आणि गावात काही करून बघायचं, अशी ती धडपड होती. श्रोतृमंडळांची योजना सरकारनं वरून आणली होती. ज्ञानदीपची मंडळं प्रेक्षकांतून उगवली. पुढे पुण्यात १९८४मध्ये ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली आणि मुलांसाठी मराठीत मुद्दाम कार्यक्रम तयार होऊ लागले. २०१७मध्ये ती बंद झाली. तोवर वाहिन्या आल्या होत्या, आणि वाहिनी बंद करून बोलत बसायला घरात कुणाला सवड नव्हती.

या साऱ्या इतिहासाकडे एकत्र पाहिलं की एक गोष्ट नजरेत भरते. आपण दर वेळी यंत्राचा इतिहास लिहितो. केंद्र केव्हा सुरू झालं, मनोरा किती उंच, घरोघर संच किती, आता डेटा किती स्वस्त. ऐकणाऱ्याच्या बाजूचा इतिहास लिहायचा झाला तर त्याची मोजपट्टी वेगळी हवी : यंत्र बंद झाल्यावर लोकांनी एकमेकांशी किती वेळ आणि काय बोलणं केलं? या मोजपट्टीवर १९५६चं एखादं गाव आपल्या आजच्या गृहसंकुलाच्या पुढे असू शकतं.

७

१६ एप्रिल २०२०च्या रात्री आमच्याच पालघर जिल्ह्यात, गडचिंचले इथे, दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांना जमावानं मारलं. टाळेबंदी होती, चोर आणि मुलं पळवणारे फिरत असल्याच्या अफवा त्या भागात आधीपासून पसरलेल्या होत्या. हत्येनंतर पुन्हा वेगळ्या अफवांची लाट आली, ती मारणाऱ्यांच्या आणि मेलेल्यांच्या धर्माबद्दल. कॉलेज बंद, वर्ग मोबाइलवर. मी त्या दिवसांत ठरवलं, की यापुढे इतिहासाच्या तासाला जोडून आठवड्यातून एकदा वीस मिनिटं काढायची. केरळात कण्णूर जिल्ह्यात २०१८मध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकारानं सरकारी शाळांतून खोट्या बातम्या ओळखण्याचे तास सुरू झाले होते, ते वाचून धीर आला होता. पण पद्धत मी घरचीच घेतली.

कॉलेज पुन्हा उघडल्यापासून ती अशी चालते. मुलांपैकी कुणीही, त्या आठवड्यात फोनवर आलेलं काहीही, बातमी, फीत, आवाजाची ध्वनिमुद्रिका, वर्गाला ऐकवायचं किंवा दाखवायचं. मग सगळ्यांनी फोन बाकावर पालथे ठेवायचे. मी चूक की बरोबर ते सांगत नाही. फळ्यावर चार प्रश्न असतात. कोण सांगतंय? त्याला हे कसं कळलं? यातलं काय कापलेलं असू शकेल? आणि आपल्या गावाला हे लागू आहे का? चौथा प्रश्न आजाचा आहे. मुलांना तो सगळ्यांत आवडतो, कारण त्याचं उत्तर शोधायला बाहेर जावं लागतं. खाडीत मगर आल्याची फीत आली, तेव्हा दोघी मुली संध्याकाळी जेट्टीवर जाऊन तांडेलांना विचारून आल्या. मागच्या काठावरची झाडं आपल्याकडची नाहीत, हे एका म्हाताऱ्यानं पहिल्या नजरेत सांगितलं होतं.

या तासांनी फार मोठं काही घडलं असा माझा समज नाही. मुलं घरी गेल्यावर पुन्हा फोन उताणे होतातच. कधी मुलं इतकी संशयी होतात, की खरी बातमीही मानायला तयार नसतात. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळाचा इशारा आला, तेव्हा ‘हेही फॉरवर्ड असेल’ असं एकानं म्हटलं आणि मी हादरले. सगळ्यावर अविश्वास ठेवणं हा सगळ्यावर विश्वास ठेवण्याइतकाच आळस आहे. त्या दिवशी मी त्यांना तीन नंबरच्या बावट्याची गोष्ट सांगितली. कुणावर, कशासाठी आणि कुठवर विश्वास ठेवायचा हे ठरवायचं असतं, आणि तसं ठरवायला माहितीच लागते.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी वर्गात काँग्रेस रेडिओची गोष्ट सांगितली. चिमूरची बातमी, बदलत्या जागा, पारेखवाडीची रात्र. मुलं रंगून ऐकत होती. मीही रंगले होते. गोष्ट संपली आणि सवयीनं मी फळ्याकडे वळले, तोच तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे वडील आजही अर्नाळ्याहून होडी काढतात. तिनं विचारलं, ‘‘पण मॅडम, उषा मेहतांना तरी चिमूरचं कसं कळलं? त्या तर मुंबईत होत्या ना?’’

वर्गातली काही मुलं हसली. मी त्यांना थांबवलं. गावोगावचे निरोपे बातमी घेऊन मुंबईत येत, त्या बातम्या रेडिओवर जात, असं मी सांगितलं. ती म्हणाली, मग त्या निरोप्यांना कुणी विचारत होतं का? सरकारला प्रश्न विचारणारा रेडिओ झाला, तरी त्याचीही एक बाजू होती, त्यालाही लोकांना उठवायचं होतं. त्याची बातमीसुद्धा ताडून पाहायला हवी, हे खरंच आहे. चिमूरबाबत आपल्याला ते करता येतं, कारण इतर साधनं आहेत : भन्साळींचं उपोषण आहे, खटल्यांची कागदपत्रं आहेत, गावातल्यांच्या आठवणी आहेत. त्या दिवसाची उरलेली पंधरा मिनिटं आम्ही तेच करत बसलो.

तीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या उषाबेनना तो प्रश्न नक्की आवडला असता, असं मला वाटतं. तास संपल्याची घंटा झाली. फोन उचलायला कुणी लगेच हात पुढे केला नाही. ती मुलगी अजून उभीच होती. खटल्याची कागदपत्रं कुठे बघायला मिळतील, असं ती विचारत होती.